झालं?

"ताई, झालं?"

त्यानं एवढंच विचारलं होतं. पहाट सरत आली होती. गवतावरचं दव रात्रीत गोठलं होतं, पाऊल टाकलं की कर्रकन मोडायचं. वारा असा की डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. ती दोघं माझ्यापासून वीसेक मीटरवर, कड्याच्या अलीकडच्या सपाट खडकावर समोरासमोर उभी होती. एकमेकांसाठी लिहून आणलेले कागद वाचून झाले होते, घडी करून खिशात गेले होते. थोडा वेळ दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली. मग काय झालं कोण जाणे, दोघांनी एकदमच मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्यानं वाऱ्यावरून आवाज चढवून विचारलं, "ताई, झालं?"

मी कॅमेऱ्याचा डोळा सोडला नाही. म्हणाले, "एक मिनिट, तसेच थांबा. ऊन येतंय."

ऊन आलं. आधी मागच्या शिखराचा माथा गुलाबी झाला होता, मग तो रंग उतारावरून खाली खाली सरकत आला, खडकापर्यंत पोचला आणि दोघांच्या चेहऱ्यांवर एका बाजूनं सोनं पसरलं. फोटो फार सुंदर आले. त्या कामातले दोन-तीन फोटो मी आजही कुणाला नमुना दाखवायचा झाला तर आधी काढते. पण उतरताना, निम्म्या वाटेवर, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत असताना तो प्रश्न एकदम माझ्या कानात परत वाजला, आणि मला कळलं की तो फोटोबद्दल विचारत नव्हता. आमचं लग्न झालं का, असं विचारत होता. आणि ते सांगायला त्या डोंगरावर माझ्याशिवाय दुसरं कुणीही नव्हतं.

मी थांबा म्हणाले.

मोठी लग्नंही मी बरीच वर्षं केली आहेत. तिथं हा प्रश्न कुणाला पडतच नाही. नेमक्या क्षणी कुणीतरी ओरडतं, वाद्यं वाजायला लागतात, शेदोनशे माणसं एकदम हलतात, कुणी डोळे पुसतं, कुणी गळ्यात पडतं. लग्न झालं हे त्या दोघांना आजूबाजूची माणसं सांगतात. फोटोग्राफर त्या गर्दीत कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि येऊ नये हीच त्याची कामगिरी. पाहुण्यांच्या पाठीमागून वाकून, खुर्च्यांच्या मधून सरकत, कुणाच्या नजरेत न येता काम करायचं मी शिकले ते तिथं. मग हळूहळू वेगळी कामं यायला लागली. चार माणसांची लग्नं, सहा माणसांची, आणि मग अशी की फक्त ती दोघं. पळून जाऊन केलेली म्हणावीत तर तशीही सगळी नव्हेत. कुणाच्या घरी खरंच विरोध असतो. कुणाला गर्दीत उभं राहायचीच भीती वाटते. कुणी जवळचं माणूस नुकतंच गमावलेलं असतं आणि त्याच्याविना भरलेला मांडव बघवणार नसतो. कारणं ती सांगतात, कधी सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. एवढं मात्र खरं की दोन माणसं डोंगरावर येतात आणि तिसरी मी असते. नजरेआड होण्याची माझी सगळी कला तिथं निकामी ठरते. तीन माणसांत एक कुठं लपणार?

मग मी वीस मीटर लांब काय करत होते? तर डोंगर मोठा करत होते. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक असेल. 24 मिलीमीटरची वाइड लेन्स लावून जवळ उभं राहिलं की माणसं भरघोस दिसतात आणि त्यांच्या मागचं अख्खं शिखर टेकाडाएवढं होऊन कोपऱ्यात बसतं. ज्या शिखरासाठी ती दोघं अंधारात तीन तास चढून आली, तेच फोटोत हरवतं. म्हणून मागे जायचं, आणखी मागे जायचं, आणि 200 मिलीमीटरची लेन्स लावायची. मग तेच शिखर त्यांच्या खांद्यांमागे भिंतीसारखं उभं राहतं. लेन्स डोंगराला जवळ ओढते असं सगळे म्हणतात, पण लेन्स तसं काही करत नाही. ती फक्त एक तुकडा कापून घेते. फरक पडतो तो आपल्या लांब जाण्यानं. माणसं आपल्यापासून दुप्पट लांब गेली की निम्मी दिसतात. दहा किलोमीटरवरच्या डोंगराला आपल्या वीस पावलांचं काय? तो होता तेवढाच राहतो.

या हिशेबात एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे ऐकू येणं. वीस मीटरवरून, वाऱ्यात, कानांवर टोपी ओढलेली असताना मला त्या दोघांचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी ओठ हललेले पाहिले. तिनं मध्येच वाचणं थांबवून आभाळाकडे पाहिलं, ते पाहिलं. त्याच्या हातातला कागद फडफडत होता आणि तो अंगठ्यानं घट्ट दाबून धरायचा प्रयत्न करत होता, तेही पाहिलं, आणि त्याचा फोटोही आहे: पांढरट पडलेलं अंगठ्याचं नख आणि कागदाचं फाटत आलेलं टोक. पण काय वाचलं ते मला माहीत नाही. त्या सकाळी माझ्या कानापर्यंत पोचलेला त्यांचा पहिला शब्द "झालं?" हाच होता.

आणि माझं सगळं चित्त तेव्हा उन्हात होतं. डोंगरात उजेडाचा हिशेब फार चिवट असतो. ॲपमध्ये सूर्योदयाची जी वेळ दिसते ती सपाट क्षितिजाची. डोंगरात क्षितिज सपाट कुठलं? माझ्या पाठीमागं पूर्वेला एक लांबलचक धार होती. आदल्या दिवशी मी तिथं जाऊन, हात सरळ लांब करून तिच्यावर मूठ धरून पाहिली होती. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश. धार पाऊण मुठीला थोडी कमीच भरली. सूर्य तासाला पंधरा अंश चालतो, तोही सरळ वर नाही, तिरका. म्हणजे ॲपच्या वेळेनंतर अर्ध्या तासानं, किंवा त्याहून थोडं उशिरा, खडकावर ऊन येणार. संध्याकाळी हाच हिशेब उलटा लागतो. मावळतीची वेळ सातची असली तरी दरीतलं ऊन पाचलाच धारेआड जातं आणि नवशिका फोटोग्राफर रिकाम्या सावलीत हताश उभा राहतो. माझ्यावर ती वेळ आली आहे. म्हणून मी हिशेब चुकवत नाही. त्या सकाळी तर तो मिनिटावर बरोबर आला होता. उन्हाची रेघ मला उतारावर दिसत होती. अजून तीस सेकंद, फार तर चाळीस. नेमका तेवढ्यात त्यानं प्रश्न विचारला.

"थांबा" हा शब्द मी दिवसात किती वेळा म्हणत असेन, मोजलं नाही. जरा थांबा, तसेच थांबा, हनुवटी थोडी खाली आणि थांबा. आमच्या कामाचा तो मूळमंत्रच आहे असं मी समजत आले. आणि त्यात तथ्य आहेच. 1861 साली ओग्युस्त-रोझाली बिसाँ नावाच्या फ्रेंच छायाचित्रकारानं आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या माथ्यावर कॅमेरा नेला, तेव्हा सामान वाहायला 25 हमाल लागले होते. त्या वेळच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि ओला असतानाच धुऊन काढायचा; सगळं पंधरा मिनिटांच्या आत. म्हणजे अंधारा तंबूसुद्धा माथ्यावर हवा, आणि पाणी हवं तर बर्फ वितळवा. एवढं करून हाती आले ते तीन फोटो. मी त्या माथ्याचा विचार करते तेव्हा मला त्यातली थंडी आठवते, कुडकुडत उभी राहिलेली माणसं दिसतात, आणि वाटतं की तिथं कुणी तरी कुणाला तरी नक्की म्हणालं असणार, तसेच थांबा. तेव्हा इलाज नव्हता. आता माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. माणसं थांबली नाहीत तरी त्याचं काही अडत नाही. अडतं ते माझं.

एका जोडप्यानं मला हे न बोलता दाखवलं. दोघंही साठी ओलांडलेली, दोघांचंही दुसरं लग्न. त्यांना माथा नको होता. रस्ता जिथं संपतो तिथून पाऊण तासाची सोपी वाट आणि पलीकडे दरी उघडते अशी एक जागा, एवढंच हवं होतं. तरी उंची साडेतीन हजार मीटरच्या घरात. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाला जेमतेम टेकतो. सपाट जागी नुसतं बोललं तरी धाप लागते. सुरुवातीच्या काळात उंचावर कागद वाचताना माणसं मध्येच थांबली की मला वाटायचं गळा दाटून आला, आणि मी पटापट फोटो काढायची. पुष्कळदा तो फक्त श्वास असतो. पण खरं सांगायचं तर श्वास कुठला आणि हुंदका कुठला, हे त्यांनाही त्या वेळी वेगळं सांगता येत नसावं. काकांनी दोन ओळी वाचल्या आणि थांबले. मग कागद तसाच हातात ठेवून खाली बघायला लागले. त्यांच्या एका बुटाची नाडी सुटली होती. त्यांचा हात थरथरायचा, बांधणं जमत नव्हतं. काकू काही न बोलता खाली बसल्या, फिकट रंगाचा सगळा पोशाख धुळीत टेकवून, आणि त्यांनी नाडीची दुहेरी गाठ मारली. ओढून पाहिली. मग दुसऱ्या बुटाचीही सोडून पुन्हा घट्ट बांधली. ते सगळं होईपर्यंत काकांचा एक हात त्यांच्या डोक्यावर होता, अलगद, केस विसकटणार नाहीत असा. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हं, वाच आता."

मी तिथं एकदाही थांबा म्हणाले नाही. म्हणायचं सुचलं नाही हे खरं.

लग्न झालं हे कळायला काहीतरी खूण लागते, आणि ती लोकांनी कशाकशातून शोधली आहे. इंग्लंडात 1754 पासून विवाहाचा नवा कायदा लागू झाला. 21 वर्षांखालच्या मुलामुलींना आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्न करणं जवळपास अशक्य झालं. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथं साक्षीदारांसमोर दोघांनी तोंडानं कबूल केलं की लग्न पक्कं. झालं, प्रेमात पडलेली पोरं घोडागाड्या भरधाव सोडून सरहद्द गाठायला लागली, आणि सरहद्दीपलीकडचं पहिलं गाव ग्रेटना ग्रीन पळून येणाऱ्यांच्या लग्नांसाठी जगभर प्रसिद्ध झालं. लग्न लावायला तिथल्या लोहाराचं दुकान पुढं आलं. दोघांचं कबूल करून झालं की लोहार ऐरणीवर हातोडा हाणायचा. टण्ण! मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा नुसती गंमत वाटली होती. त्या सकाळनंतर मात्र तो आवाज मला ऐकू यायला लागला. दमलेली, घाबरलेली, कदाचित मागून बापाची गाडी येत असेल या धास्तीत उभी असलेली दोन माणसं, आणि समोर अनोळखी लोहार. त्याला त्यांचं नाव-गाव ठाऊक नाही. पण तो हातोडा उचलतो आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगतो.

आणि एव्हरेस्ट. 30 मे 2005 रोजी मोनी मुलेपती आणि पेम दोर्जी शेर्पा या नेपाळी जोडप्यानं थेट 8,848 मीटरवर लग्न केलं. प्राणवायूचे मुखवटे काही क्षण बाजूला केले, प्लास्टिकच्या माळा घातल्या आणि आटोपलं. मी नेहमी त्यांचा फोटो काढणाऱ्याच्या हातांचा विचार करते. जाड मोज्यांत बोटं, बटण लागत नाही. मोजा काढला तर बोटं जायची भीती. बॅटरी थंडीनं भराभर उतरते, म्हणून ती शेवटच्या क्षणापर्यंत छातीशी धरून ठेवायची. तिथं उन्हाची वाट बघायला कुणाला सवड नाही. जे होतंय ते होतंय, घे आणि उतर.

माझ्या डोंगरांवर सवड असते, हाच माझा घोटाळा आहे. सवड असली की मी नीटनेटकेपणा करायला लागते. बर्फावरच्या पहिल्या कामात माझे सगळे फोटो मळकट करडे आले होते, कारण कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे येईल त्याला मध्यम करडं मानून मोजतं. त्याला पांढऱ्याशुभ्र बर्फाची कल्पनाच नसते. आता हात आपोआप चाक फिरवतो, दीड स्टॉप वर, म्हणजे फोटो तेवढा उजळ येतो. सावलीचंही तसंच. उघड्या आभाळाखालच्या बर्फात सावली निळी पडते, कारण तिथं सूर्य पोचत नाही, पोचतं ते फक्त आभाळ. पांढरा पोशाख त्या सावलीत अगदी शाईत बुडवून काढल्यासारखा दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोस्यूर नावाचा जिनिव्हाचा शास्त्रज्ञ निळ्या छटा रंगवलेले कागद घेऊन आल्प्समध्ये हिंडायचा आणि आभाळाशी ताडून बघायचा. जितकं वर जावं तितकं आभाळ गडद, हे त्यानं असं मोजलं. मी घरी बसून ती निळाई पुसत असते. चेहऱ्यांना ऊब आणायची, पोशाख पांढरा करायचा. एकदा एका मुलीनं सगळे फोटो बघून मला लिहिलं की छान आहेत, पण त्या दिवशी किती थंडी होती ते यात कुठंच नाही. मला वाटलं होतं ती खूश होईल. तेव्हापासून मी थोडी निळाई शिल्लक ठेवते.

पायाखालच्या जागेबद्दल मात्र मी कडक आहे आणि त्याची मला खंत नाही. झाडांची रेघ संपल्यावर जमिनीला चिकटून उशीसारखी वाढणारी रोपटी असतात. मॉस कॅम्पियन त्यातलंच एक. हिरवीगार गुबगुबीत गादी आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्यांसारखी गुलाबी फुलं. फोटोसाठी याहून सुंदर आसन नाही. पण ती गादी बशीएवढी व्हायला दशकं लागतात, आणि बुटाची एक टाच पुरते. म्हणून मी आधी खडक दाखवते: इथं पाय ठेवा, इथं, मग इथं. पोशाखाचा घोळ उचलून धरते. काही उधळायचं नाही, ना कागदाचे तुकडे ना फुलांच्या पाकळ्या. आणि फोटो पुढं कुठं टाकताना जागेचं नाव लिहायचं नाही, एवढी विनवणी करते. एका फोटोमुळे पुढच्या वर्षी त्याच खडकाकडे जाणारी नवी पायवाट उमटलेली मी पाहिली आहे, आणि तो फोटो माझा होता.

तर, त्या प्रश्नानंतर वर्षभरानं एक लग्न धुक्यात सापडलं. ठरवलेलं सगळं गेलं. शिखर नाही, दरी नाही, दहा-पंधरा पावलांपलीकडे नुसतं दूध. दोघांना त्याचं काही वाटलं नाही, उलट ती हसत म्हणाली, "आज आपण तिघंच आहोत जगात." मागे जाऊन उपयोग नव्हता, म्हणून मी जवळ राहिले, 35 मिलीमीटरची लेन्स लावून तीन मीटरवर. त्यामुळे त्यांचं सगळं वाचन ऐकलं. ते इथं सांगणार नाही. वाचून झालं. शांतता झाली. पापण्यांवर, केसांच्या टोकांवर, लोकरीच्या बाह्यांवर धुक्याचे बारीक थेंब बसले होते, आणि कुठून तरी, दिसत नव्हता अशा ओढ्याचा आवाज येत होता. मला तो जुना प्रश्न आठवला. ही दोघं विचारायच्या आतच आपण सांगायचं, असं मी मनाशी ठरवूनच आले होते. कॅमेरा गळ्यात सोडला आणि टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे भद भद असा काहीतरी आवाज आला. म्हणून दातांनी उजवा मोजा ओढून काढला, मग डावा, आणि उघड्या हातांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. "झालं!" म्हणाले. "झालं तुमचं लग्न!"

ती दचकली. झोपेतून कुणी हलवून जागं करावं तशी. तो हसला, पण तो माझ्यासाठी हसला हे मला समजलं. उतरताना ती काही वेळ माझ्याबरोबर मागे राहिली आणि फार जपून म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण तिथं इतकं शांत होतं ना... मला ते अजून थोडं हवं होतं."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. एकाला झालं म्हणायला हवं होतं तर मी थांबा म्हणाले, आणि दुसरीला थांबायचं होतं तर मी झालं म्हणून मोकळी झाले.

पहिल्या सकाळचा तो एक फोटो माझ्याकडे आहे. दोघं सरळ माझ्याकडे बघताहेत, ऊन अजून आलेलं नाही, चेहरे निळसर सावलीत, त्याचं तोंड किंचित उघडं. "झालं" मधला "झा" असावा. मी तो त्यांना दिला नव्हता. पुढं तिनं विचारलंही होतं, "वाचून झाल्यावर लगेचचा एखादा आहे का हो?" आणि मी सांगितलं की नीट आलेला नाही. खोटं होतं ते. तांत्रिकदृष्ट्या फोटोत काही दोष नाही. डोळे तर असे टोकदार आलेत की बुबुळांत माझी आकृती शोधावी. मला ते डोळे बघवत नव्हते, एवढंच. धुक्यातल्या त्या लग्नानंतर एक दिवस मी तो फोटो शोधून बाहेर काढला, निळाईला हात न लावता तिला पाठवून दिला, आणि खाली लिहिलं की हा राहून गेला होता, तेव्हा तुमच्या ह्यांनी मला एक विचारलं होतं आणि मी नीट उत्तर दिलं नाही, त्याची रुखरुख लागून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "अय्या, यात मी कोट घातलाय! मला वाटत होतं वाचताना काढून ठेवला होता." आणि त्याखाली, थोड्या वेळानं आलेलं: "ह्याला विचारलं. ह्याला तसं काही विचारल्याचं आठवतच नाही. पण फोटो आम्हाला फार आवडला. आम्ही दोघं कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं."

मी ते दोनदा वाचलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि कुठंतरी लागलंही. जे मी इतके दिवस उराशी धरून बसले होते ते त्यांच्याकडे नव्हतंच. किंवा होतं, पण वेगळ्या रूपात. तिला कोट आठवत होता.

आता पहिल्या फोनवरच मी विचारते. कुठलं शिखर, किती चालाल, काय नेसणार, पाऊस आला तर काय, हे सगळं झालं की शेवटी विचारते, "वाचून झालं की मी काय करू?" पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते. कुणाच्या मनात हे आलेलंच नसतं. मग उत्तरं येतात, आणि एकासारखं दुसरं नसतं. एकीनं सांगितलं, तुम्ही मोठ्यानं झालं म्हणा, दरीत घुमलं पाहिजे. एक मुलगा म्हणाला, पाच मिनिटं पाठ फिरवा, जमेल ना? मी पाठ फिरवून समोरचं दगडफूल मोजत उभी राहिले. त्या पाच मिनिटांचा माझ्याकडे एकही फोटो नाही आणि त्यांनी कधी मागितलाही नाही. एकाला आईनं रेकॉर्ड करून दिलेला आवाज त्या क्षणी लावायचा होता, त्यासाठी मी फोन कोटाच्या आत उबेला धरून ठेवला, बॅटरी उतरू नये म्हणून. आणि पुष्कळ जण म्हणतात, वर गेल्यावर बघू.

वर गेल्यावर बघू म्हणणाऱ्यांसोबत मी आता निम्म्या अंतरावर उभी राहते. डोंगर थोडा लहान येतो. कागद बाहेर निघाले की उजव्या हाताचा मोजा काढून खिशात टाकते. बोटं पहिल्या पानालाच बधिर होतात, दुसऱ्या पानाला दुखायला लागतात. पण हात उघडा असतो.